पांदण कुणाची? वाटाड्याची की पाहुण्याची?

हिवाळ्यातला रविवार उजाडला की सावंगी (मेघे) च्या बाजूला यवतमाळ रस्त्यावर सायकलवाले दिसू लागतात. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. त्यात डॉक्टर असतात, डॉक्टरकी शिकणारी मुले-मुली असतात, नोकरदार असतात. ही मंडळी पूर्वी डांबरी रस्त्यानेच देवळीकडे नाहीतर सेवाग्राम-पवनारकडे जात. आता त्यातले काही जण डांबर सोडून शेतातल्या पांदणीत वळतात. टेकडी, नाला, झुडपी जंगल असा मुरमाचा रस्ता त्यांना हवा असतो. या प्रकाराला 'ग्रॅव्हल बायकिंग' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी किंवा मुरूम.

गेल्या थंडीत असाच एक तरुण पांदणीत थांबलेला मी पाहिला. सायकलच्या हँडलवर मोबाईल लावलेला होता आणि मोबाईलमधला नकाशा तिथेच संपला होता. डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊन एक म्हातारे गृहस्थ समोरून येत होते. तरुणाने विचारले, "काकाजी, हा रस्ता पुढं कुठं निघते?" म्हाताऱ्याने भारा खाली टाकला. "पुढं नाला हाये जी. डाव्या अंगानं जा, उजवीकडं गारा हाये, चाकं भरून जाईन तुमचे." एवढे सांगून ते थांबले नाहीत. नाल्यापर्यंत सोबत गेले, उतार दाखवला आणि परत येऊन भारा डोक्यावर घेतला. तरुण सज्जन होता. त्याने हात जोडले, त्यांचा फोटो काढला आणि निघून गेला.

यात कुणाचा दोष नाही. वाटसरूला वाट दाखवणे हा माणुसकीचा भाग आहे. पण मला त्या म्हाताऱ्याच्या बापाची आणि आजाची आठवण झाली. तेही वाट दाखवत होते. फरक एवढाच, की त्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती.

मुंबई इलाख्यात महारवतन होते आणि आपल्या मध्यप्रांतात कोतवालकी होती. नावे वेगळी असली तरी काम एकाच जातीच्या डोक्यावर होते. सरकारी अंमलदार आला की त्याला शिवेपर्यंत वाट दाखवायची, त्याचे सामान वाहायचे, गावाचा निरोप दुसऱ्या गावी पोचवायचा, सारा भरायला जाणाऱ्याची राखण करायची. रात्र असो, पाऊस असो, घरात मढे असो. गावाच्या सगळ्या वाटा, आडवाटा, शिवेचे दगड ज्या माणसाला तोंडपाठ होते, त्याच माणसाला काही वाटांवरून मोकळेपणाने चालण्याची मुभा नव्हती. ज्ञान त्याचे आणि मालकी दुसऱ्याची! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीच्या विरोधात. वतनदाराला चोवीस तास राबवून घेतले जाते आणि तो नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला धरले जाते, हे त्यांनी सरकारसमोर मांडले. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणून गावात कुणी नवा पाहुणा येऊन "ही वाट कुठे जाते?" असे विचारतो, तेव्हा आपण उलट एक प्रश्न विचारला पाहिजे. ही वाट कुणाची आहे?

आधी हा खेळ काय आहे तो समजून घेऊ. या सायकलचे हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले असते, पण टायर रुंद असतात, साधारण ४० मिलिमीटरच्या आसपास. शर्यतीच्या सायकलचे टायर २५ ते २८ मिलिमीटरचे. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, त्यामुळे मुरमावर चाक घसरत नाही आणि दणके कमी बसतात. चढावासाठी हलके गिअर आणि उतारासाठी डिस्क ब्रेक असतात. चांगली सायकल लाखाच्या घरात जाते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली अशी एक शर्यत सुरू झाली आणि ती जगभर गाजली. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

एम्पोरियाच्या शर्यतीची एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्या मूळ नावात 'कॉ' या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या नावाला 'घाणेरडा' अशा अर्थाचे विशेषण जोडलेले होते. ज्यांची जमीन हिसकावून तिथे शेते आणि रस्ते झाले, त्यांचेच नाव मौजेसाठी वापरले गेले. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि २०२० मध्ये आयोजकांना ते नाव सोडावे लागले. म्हणजे रस्त्यावरची माती कोरी नसते. तिच्यावर आधी कुणाचे तरी पाय उमटलेले असतात.

आपल्या जिल्ह्यात अशा सायकलीसाठी वाटांची कमतरता नाही. सेलू तालुक्यात हिंगणीपासून बोर धरणाकडे टेकड्या सुरू होतात. आर्वी-कारंजाच्या बाजूला चढउतार आहेत, साग, पळस, मोह, तेंदूची झाडे आहेत. समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. फाल्गुनात पळस फुलला की या वाटा पाहण्यासारख्या होतात यात शंका नाही. पण या वाटांचे एक गणित आहे. टेकडीवर मुरूम आहे, तिथे पाणी निथळते आणि चाक चालते. खाली आले की काळी कसदार जमीन लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आषाढात ती चाकाला अशी धरते की सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून सायकलवाले नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. गावातल्या माणसाला मात्र बाराही महिने त्याच वाटेने जावे लागते.

या साऱ्या चर्चेतला खरा मुद्दा हाच आहे. सावंगीला मोठे रुग्णालय आहे. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून, शेजारच्या राज्यांतूनही रोगी तिथे येतात. पण गावापासून डांबरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर चिखलाचे असतील तर त्या रुग्णालयाचा उपयोग काय? माझ्या लहानपणी माझ्या मावशीला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा श्रावण होता. बंडी पांदणीत आसापर्यंत रुतली. चार माणसांनी बाजेवर घालून तिला सडकेपर्यंत नेले. ती वाचली, मूल वाचले नाही. त्या पांदणीची नोंद गावाच्या नकाशात होती. नकाशात ती चांगली रुंद होती. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी खाऊन खाऊन ती एका बंडीपुरतीही उरली नव्हती.

आता याच पांदणीला सायकलवाला 'सुंदर कच्चा मार्ग' म्हणतो. इटलीच्या टस्कनी भागात १९९७ साली जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. तिथल्या पांढऱ्या मातीच्या जुन्या रस्त्यांवर डांबर पडू नये, हा तिचा एक हेतू होता. हेतू चांगलाच आहे. पण तिथल्या शेतकऱ्याच्या दारात मोटार आहे आणि आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचतो. आपल्याकडे कुणी उद्या म्हणू लागले की निसर्ग टिकावा म्हणून हे रस्ते असेच कच्चे राहू द्या, तर त्याला स्पष्ट सांगावे लागेल, बाबा रे, तुझ्या दोन तासांच्या आनंदासाठी आमची वाट कच्ची राहणार नाही. जिथे वस्ती आहे, शाळा आहे, दवाखान्याची वाट आहे, तिथे पक्का रस्ता हवा आणि तो मुख्य गावठाणापर्यंत येऊन थांबता कामा नये, बौद्धवाड्यापर्यंत, पारध्यांच्या बेड्यापर्यंत गेला पाहिजे. जिथे फक्त शेते आणि रान आहे, तिथे डांबराची गरज नाही. तिथे नीट दाबलेला मुरूम, दोन्ही बाजूंनी नाली आणि नाल्यावर रपटा एवढे केले तर बंडी, ट्रॅक्टर, शाळकरी मुलीची सायकल आणि शहरी पाहुण्याची सायकल, सगळेच चालतात.

रस्ता कुणासाठी येतो, याचा आपल्या जिल्ह्याचा इतिहास बोलका आहे. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावला राहायला गेले तेव्हा तिथे धड सडक नव्हती, पोस्ट नव्हते. त्या गावात अस्पृश्य गणलेल्या लोकांची वस्ती मोठी होती. ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच चिखलातून चालत होती. मोठा माणूस राहायला आला, देशभरचे पुढारी येऊ लागले, मग वाट सुधारली, पोस्ट आले आणि १९४० मध्ये गावाचे नावही सेवाग्राम झाले. पाहुण्यासाठी रस्ता येतो, रहिवाशासाठी येत नाही! आजही तेच. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. त्यावर सायकलला प्रवेश नाही, दुचाकीला नाही, बैलबंडीला तर नाहीच. त्याच्या भरावासाठी जिल्ह्यातल्या टेकड्यांचा मुरूम खोदला गेला आणि त्या उपशावरून तक्रारी गाजल्या. ज्या मुरमाने आपल्या पांदणी झाल्या असत्या तो महामार्गाखाली गेला, आणि त्या महामार्गावर आपल्या बंडीला जागा नाही. आता पवनारजवळून सुरू व्हावयाच्या शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे. तिथेही हाच प्रश्न विचारावा लागेल.

पांदणीसाठी कायदे नाहीत असे नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने शेत-पाणंद रस्ते रोजगार हमीच्या कामाला जोडले. २२ मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी असे सांगितले. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण यात एक मोठी फट आहे. हे सारे सातबाऱ्याच्या भोवती फिरते. ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याची वाट कोण नोंदवणार? भूमिहीन शेतमजूर बाई त्याच पांदणीने निंदायला जाते, सरपण आणते, मोहफूल वेचते, शेळ्या चारते. तिचे शेत नाही, पण तिची वाट आहे.

विदर्भापुरते याचे उत्तर कायद्यातच आहे, फक्त ते वापरले जात नाही. आपला भाग मालगुजारीचा. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि गावाची पडीत जमीन, झुडपी जंगल, वाटा सरकारकडे आल्या. या भागासाठी महसूल संहितेत कलम १६१ चे 'निस्तार पत्रक' आणि कलम १६५ चे 'वाजिब-उल-अर्ज' अशा दोन खास नोंदी आहेत. निस्तार पत्रकात चराई, सरपण असे गावकऱ्यांचे हक्क असतात. वाजिब-उल-अर्जात खाजगी जमिनीतूनसुद्धा जाण्या-येण्याची जी वहिवाट असेल ती नोंदवायची असते, आणि ती नोंद गावाच्या रूढीची असते, एकट्या खातेदाराची नसते. किती गावांत आपल्या कार्यकर्त्यांनी तहसीलमध्ये जाऊन ही कागदपत्रे काढून पाहिली आहेत? आपण पुतळ्यासाठी जागा मागतो, समाजमंदिरासाठी मागतो आणि मागायलाच हवी. पण रोजच्या वाटेचा कागद मागायला आपण विसरतो.

जंगलाची गोष्ट आणखी वेगळी. बोर हे १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटरचे. तिथे सायकल घेऊन घुसणे गुन्हा आहे आणि मूर्खपणाही. वाघ मात्र सीमेची रेघ पाळत नाही. बाहेरच्या पांदणीतही त्याचे ठसे दिसतात. पाहुण्याला वाघ दिसला तर ती आयुष्यभर सांगायची आठवण होते. गुराख्याला आणि रात्री ओलिताला जाणाऱ्याला ती रोजची धास्ती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर हक्क दिले. गावाच्या रस्त्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन मिळण्याची तरतूदही त्यात आहे. उद्या जंगलालगत पर्यटनाचे मार्ग आखायचे असतील तर ते कार्यालयात बसून आखता येणार नाहीत. ग्रामसभेला विचारावे लागेल.

धोका इथेच आहे. आधी मार्ग येतो, मागून फलक येतो, मग तंबू, मग रिसॉर्ट आणि शेवटी सांगितले जाते की टेकडीवरचे तुमचे अतिक्रमण काढा, पर्यटकांना बरे दिसत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच पडीत आणि गायरान जमिनींसाठी. त्या लढ्यातून कसलेले तुकडे सायकलच्या चाकाखाली जाता कामा नयेत.

मग आपण या सायकलवाल्यांना विरोध करायचा का? मुळीच नाही. सायकल ही आपली आहे. मान्यवर कांशीरामजींनी १९८३ साली सायकलयात्रा काढली आणि सात राज्यांत चळवळ नेली. पुढच्याच वर्षी पक्ष उभा राहिला. पैसा नव्हता, गाड्या नव्हत्या, सायकल होती. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुला-मुलींतले अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. पाच हजारांची सायकल आणि लाखाची सायकल एकाच पांदणीतून जाते. लाखाची सायकल रविवारी जाते, पाच हजारांची सोमवारपासून शनिवारपर्यंत जाते. मार्ग आखताना आधी कुणाचा विचार व्हावा?

आणि वाटेसाठी लढणारे खेळाडूही जगात झाले आहेत. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ ला कारखान्यांत राबणाऱ्या शेकडो तरुणांनी जमीनदारांची बंदी मोडून किंडर स्काउट हा डोंगर चढला. पाच जणांना तुरुंगात जावे लागले. पण तिथल्या माळरानावर आणि डोंगरावर फिरण्याचा हक्क २००० सालच्या कायद्याने सर्वांना मिळाला. महाडच्या तळ्यानंतर पाच वर्षांनी घडलेली ही घटना. पाणी असो की वाट, सार्वजनिक वस्तू सर्वांची, हाच दोन्हीकडचा मुद्दा. आपल्याकडे वैकोमला १९२४ साली मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून नुसते चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला होता, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा सावंगी-वर्ध्याच्या सायकलस्वार मित्रांना आमचे सांगणे सरळ आहे. तुम्ही शिकलेले आहात, तहसीलदार तुमचा फोन उचलतो. ज्या पांदणीतून जाता तिची आज रुंदी किती आहे, कुठे धुरा पुढे सरकला आहे, कुठे रपटा वाहून गेला आहे, हे तुम्हाला मोबाईलमध्ये नोंदवून ठेवता येते. ती नोंद ग्रामसभेला द्या. तिचा अर्ज गावासोबत तुम्हीही सही करून द्या. फेरी काढायची असेल तर गावातल्या मुला-मुलीला वाटाड्या म्हणून घ्या आणि ठरवून मजुरी द्या. चहा-भाकर बचतगटाकडून घ्या आणि ती बौद्धवाड्यातल्या चुलीवरची असली तरी घ्या. पावसाळ्यात ओल्या पांदणीत चाके घालून चाकोऱ्या पाडू नका, त्या गावाला वर्षभर भोगाव्या लागतात. आणि कुणाचा फोटो काढला तर त्याचे नावही विचारा.

आपल्या तरुणांनाही सांगणे आहे. पाहुणा वाट विचारतो आहे, म्हणजे आपल्या वाटेला मोल आले आहे. ते मोल दुसऱ्या कुणी कंत्राटदाराने खिशात घालण्यापूर्वी गावाचा नकाशा काढा, वाजिब-उल-अर्ज मागा, भूमिहीनांच्या वाटा ग्रामसभेच्या ठरावात नावानिशी लिहा. आपल्या आज्याला सगळ्या वाटा पाठ होत्या, पण एकही त्याच्या नावे नव्हती. आता वाट दाखवायची तर स्वखुशीने, मोबदला घेऊन आणि ताठ मानेने. फुकटची वाटाडेगिरी बाबासाहेबांनी कधीच बंद केली आहे.